खोऱ्यातली लांबटांगी माशी

प्रिय खारुताई,

तुझी पुडी मिळाली. तुझ्या मैत्रिणीने दारातूनच हातात ठेवली, चहालाही थांबली नाही, आणि मी काही विचारायच्या आत जिना उतरून गेलीसुद्धा. लोकांच्या मुली आईच्या वाढदिवसाला घड्याळं पाठवतात, आमची मेलेली माशी पाठवते, हे तुझे बाबा शेजाऱ्यांना इतक्या कौतुकाने सांगतात की शेजारी आता आमच्याकडे जरा जपूनच बघतात. घडी छान घातली होतीस. तिकोनी, कडा नीट दुमडलेल्या, आत एक नर, पंखाला चुणीसुद्धा नाही. पाय मात्र दोन गळून कोपऱ्यात पडले होते. त्यात तुझा काही दोष नाही, लांबटांग्या माशीचे पाय नुसत्या फुंकरीनेही गळतात.

मी बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणजे जिवाला स्वस्थता नाही. हे पत्र लिहायला बसल्यापासून चारदा उठले. खिडकी लावली, मग कोंदट वाटलं म्हणून उघडली, टेबल डुगडुगतं म्हणून त्याच्याखाली कागद घातला, आता ते दुसऱ्या बाजूला डुगडुगतं. तू हल्ली फोनवर दोन वाक्यांत आटोपतेस. कंप्युटर मांडीवर घेतला की तुझं ऑफिस सुरू, त्यामुळे तू कुठून बोलतेस ते काही कळत नाही. जावईबापूंना फोन केला तर म्हणाले, ती आंघोळीला गेली आहे. संध्याकाळी पुन्हा केला, तरी तू आंघोळीलाच. लहानपणी नळाखाली ढकलताना माझा जीव जायचा, तेव्हा कुठे गेली होती गं ही हौस? मी हसले आणि फोन ठेवला.

पुडी घेऊन मी संग्रहालयात गेले ती निव्वळ लाड म्हणून. आमच्या विभागाच्या साहेबांना म्हटलं, लेकीने पाठवलीय, हिला आज पहिला मान. वर तुझ्या अक्षरात ठिकाण होतं, तुमच्या घराची बाल्कनी, अकरावा मजला. खाली तारीख आणि तुझं नाव. तुला आठवतंय ना, या माश्यांच्या घराण्यावरून आमच्या कीटकवाल्या लोकांत अजून जुंपलेली असते? काहींच्या मते सगळ्या एकाच कुळातल्या, काहींच्या मते चार कुळं वेगळी. एका घरात चार चुली, असं तू शाळकरी वयात म्हणाली होतीस आणि साहेब खो-खो हसले होते. मी आपली चार चुलींवाली. तर आधी पाहिलं, तोंडाजवळच्या सोंडुल्यांचं शेवटचं पेर लांब की आखूड. मग पंखांतल्या शिरा, कुठली कुठे फुटते ते. शेवटी नराच्या शेपटीकडचे चिमटे, कारण बाकी सगळं जुळ्यांसारखं असलं तरी तिथे जात लपत नाही. पाहिलं, उठले, चहा प्यायले, भिंगाची काच पुसली, पुन्हा पाहिलं. मग कपाटातून खोऱ्यातल्या माश्यांची जुनी पेटी काढून शेजारी ठेवली. काडीचाही फरक नव्हता.

तशा या माश्या जगात जवळजवळ सगळीकडे आहेत. बर्फावर चालणाऱ्या बिनपंखीही आहेत. एखादी तर रोपांच्या मातीतून समुद्र ओलांडते आणि तिकडची हिरवळ मुळापासून खाऊन फस्त करते. पण बहुतेक जातींना आपली ओल सोडवत नाही. तू पाठवलेल्या माशीची अळी झऱ्याकाठच्या, सतत पाणी ठिबकणाऱ्या शेवाळात वाढते. पंख फुटल्यावर ती जेमतेम काही दिवस जगते आणि तिचं उडणं म्हणजे या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटणं. आमच्याकडे ती एकाच खोऱ्यातून आलेली आहे. शेजारची खोरी मी स्वतः जाळं घेऊन पालथी घातली आहेत. तिथे तिच्यासारख्या दुसऱ्या मिळतात, ही मिळत नाही. आणि तुमच्या शहरात नळालाही पाणी वेळ बघून येतं.

आईचं मन बघ, मी तरीही सबबी शोधल्या. कुणी तिकडून कुंडी आणली असेल. पण कुंडीत झरा कुठला? दोघं फिरायला गेला असाल. मग तसं लिहिलं असतंस. प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तू ठोकलीस, पेढीत नोकरी लागल्याची थाप महिनाभर खपवलीस, पण पुडीवर ठिकाण खोटं कधी लिहिलं नाहीस. ते आपल्या घरात पाप होतं. ज्या माशीचं ठिकाण खोटं, ती माशी फुकट गेली, हे मी तुला भाताच्या घासाबरोबर शिकवलंय. म्हणून ती बाल्कनी मी पुन्हा पुन्हा वाचली. तू त्या घरात नाहीस, खारुताई. बरेच दिवस नाहीस.

आंघोळीला गेली म्हणणाऱ्या माणसाचा मला संताप आला, मग वाटलं, तसं सांगायला तूच बजावलं असशील. का, ते मी विचारणार नाही. लांबटांग्या माशीला पायाला धरलं की ती तो पाय धरणाऱ्याच्या हातात सोडून निघून जाते. तू काय सोडून निघालीस, ते तुझं तुला माहीत. मला एवढंच हवंय की तू धड आहेस, जेवतेस, झोपतेस. आणि ही माशी तू सवयीने पाठवलीस की मला कळावं म्हणून, ते काही ठरवता येत नाही. माझ्या मांडीवर बसून तू ही पेटी पाहिली आहेस. उलटसुलट विचार करून डोकं भणभणायला लागलं. बाबांना सांगितलं, बाहेरगावी जुन्या पेट्या तपासायच्या आहेत. ते बिचारे म्हणाले, स्वेटर ने.

तर हे पत्र मी घरून लिहीत नाहीये. खोऱ्याच्या तोंडाशी बस थांबते, तिथल्या लॉजच्या वरच्या खोलीत बसले आहे. सकाळी पोस्टात गेले. तुझं नाव सांगून म्हटलं, यांना पत्र द्यायचंय. असं कुणी इथे राहत नाही, हे ऐकायची मनाची तयारी करून गेले होते. पोस्टमन चष्मा पुसत म्हणाला, द्या की, त्यांचं घर माझ्या वाटेवरच आहे, कालच भेटल्या. मी तिथल्याच बाकावर बसले आणि चारचौघांत रडले. मग त्याला म्हटलं, जरा थांबा, पत्र लिहायचं राहिलंय. त्याच्या मागोमाग यायला पाय नुसते शिवशिवताहेत, पण तू बोलावल्याशिवाय तुझ्या दारात उभी राहणार नाही. भेटायचं नसेल तर त्याच्याजवळ नुसतं नको म्हणून सांग. मी मुकाट्याने संध्याकाळची बस धरीन, बाबांना सांगेन पेट्या झाल्या, आणि तुझ्यावर जराही रुसणार नाही. पण खाली खानावळीत मी दोघींचं जेवण सांगून ठेवलं आहे.

खिडकीशी बसलेली,
तुझीच
आई