दुपट्टा टाकलेली जागा

१४ ऑक्टोबर, सोमवार

आदेशचं पार्सल आलं. जपानहून.
निळ्या काठाच्या वाट्या – ४
हात पुसायचे रुमाल – ४
पैलवानांची चित्रं असलेले पंखे – ४
गोड बिस्किटांचे पुडे – ४ (अंडं आहे का ते विचारायचं. तोवर देवापुढे नको.)
टपालखर्च आपले सतराशे रुपये! महिन्याचं तेल आलं असतं.

सप्टेंबरात त्याच्याकडे गेले होते, तेव्हा त्याने सुमो कुस्ती दाखवली. तिथे जागेबरोबर ह्या वस्तू भेट देतात. विमानात वजन होईल म्हणून मीच ठेवून आले. त्याने चौघांची जागा घेतली होती म्हणून चार-चार. बसलो दोघंच!

१५ ऑक्टोबर

एक वाटी शेजारच्या गुणाबाईला दिली. 'कसा असते वो बाई तिकडचा आखाडा?'

सांगितलं. मोठ्ठं सभागृह, मध्ये मातीचा ओटा, त्यावर तणसाचं रिंगण — आपल्या धानाचंच तणस! वर देवळासारखं छप्पर टांगलेलं. पैलवान मुठी भरभरून मीठ उधळतात. किती मीठ! मी हात जोडले. आदेश म्हणाला, 'बायकाईनं त्या ओट्यावर पाय ठेवाचा नाई, आई.' म्हटलं, मारुतीच्या आखाड्यात तरी कुठे ठेवतो.

बसायला नळ्यांनी आखलेला चौकोन, आत चार पातळ गाद्या. आदेश 'आलोच' म्हणून दारापाशी गेला. मी दोन गाद्यांवर दुपट्टा टाकला, वर थालीपिठांचा डबा ठेवला. आमच्या वडसा गावी नाटकाला धरतो तशी जागा धरली. तेवढ्यात दोघीजणी आल्या. म्हातारीच्या हातात कापडात बांधलेलं गाठोडं. चष्म्याची पोरगी 'नमस्ते' म्हणाली. तिथे दुकानदारही आपल्याला पाहून नमस्ते म्हणतात! मी हातानेच जा-जा केलं. पैसे आम्ही भरले म्हटलं. म्हातारीने दुपट्ट्याकडे पाहिलं, कमरेत वाकली. गेल्या.

आदेश आला. 'कोनी आलं होतं काय?'

'आल्या होत्या दोघी. मी का सोडते जागा!'

तो फोन घेऊन बाहेर गेला, तो किती तरी वेळाने आला. 'सोबतचे येनार होते. नाई जमलं.' मी संध्याकाळपर्यंत त्याला दोन जागा फुकट गेल्याचं ऐकवलं.

गुणाबाई हसून हसून लोटपोट. 'जपानात जाऊन बी वडसाच केलं तुमी!'

१७ ऑक्टोबर

उपास. बिस्किटात अंडं आहे. वाटून टाकली.

२० ऑक्टोबर, रविवार

लेक मयुरी राजुऱ्याहून आली. तिलाही ती गंमत सांगायला लागले. पोरगी हसेना.

'आई, त्या दोघी कोन होत्या, मालूम हाये काय तुले?'

मिनाको. आदेशच्या कारखान्यात हिशेब पाहते. सोबत तिची आई. त्या जागा त्यांच्याच होत्या, तिकिटंही त्यांच्याजवळ. आदेश एका दाराशी वाट पाहत उभा, त्या दुसऱ्या दाराने आत आल्या.

'दादा म्हने, चौघं एका जागी बसून जेवले, का मंग आईले सांगतो, हिच्याशीच लग्न करतो म्हनून.'

'मले पयले काऊन नाई सांगतलं?'

'तूच तं म्हटलं होतं — तिकडून काई बी आन, बायको नको आनू!'

म्हटलं होतं. तो जायला निघाला तेव्हा, विमानतळावर, दहा लोकांत.

गाठोड्यात जेवण होतं. मी मासमच्छी खात नाही म्हणून त्या बाईने पहाटे उठून वेगळं रांधलेलं.

'आता?'

'आता का? तिची आई म्हनते, त्या घरी माह्या पोरीले जागा नाई. पोरगी बी दादाशी बोलत नाई.'

२१ ऑक्टोबर

पूजेत मन नाही. दिवा लावला आणि तेल घालायचं विसरले.

दाराशी आलेल्याला मी कधी पाण्यावाचून जाऊ दिलं नाही. आणि तिथे जेवण घेऊन आलेल्या बाईला हाताने हाकललं — कोंबडीला हाकलावं तसं! वरून फुकट गेल्या-गेल्या म्हणून पोरालाच बोलले. त्याने मान खाली घालून माझं थालीपीठ खाल्लं. मला वाटलं, आवडलं.

२३ ऑक्टोबर

वाट्या चौघांच्या होत्या, म्हणून गुणाबाईकडून वाटी परत मागितली. तिने लोणचं भरलं होतं. 'देल्लेली वस्तू वापस मांगता, बाई?'  लोणचं तिच्याच ताटलीत काढून वाटी घेऊन आले. राखेने घासली, वास जाता जाईना.

२७ ऑक्टोबर

आदेशला फोन.

'मी बोलू काय रे तिच्या आईशी?'

'का बोलशीन? जाऊ दे ना, आई.'

'जेवला?'

'जेवलो.'

आवाजावरून जेवला नव्हता.

६ नोव्हेंबर, बुधवार

दोन वाट्या नव्या तांदळाने भरून मिनाकोच्या आईच्या नावाने टपालात टाकल्या. पत्ता मयुरीने काढून दिला. खर्च लिहीत नाही.

सोबत चिठ्ठी. मयुरीने मोबाइलवर जपानी करून दिली, मी एकेक अक्षर रांगोळीसारखं उतरवलं —

'बाई, संक्रांतीला आमच्या वडशाला नाटक आहे. चार तिकिटं काढली आहेत. दुपट्टा टाकून बसते. या वेळी दोन जागा तुमच्यासाठी धरल्या आहेत. येता का, तेवढं उलट टपाली कळवा.'