माठातला थेंब

लोणावळे, श्रावण वद्य षष्ठी, १९३६. दिवेलागण.

आजचं आजच लिहून ठेवतो.

कार्ल्याची गंगूमावशी डोळ्यांत घालते तो तगरीच्या फुलांचा रस आज तपासला. भातातलं तण बेणताना पात लागून डोळा चिघळला, की लोक माझ्या दवाखान्याआधी तिच्याकडे जातात. मला तिला खोटं पाडायचं होतं, हे इथं तरी कबूल करतो. डबक्याच्या पाण्यात वळवळणाऱ्या जिवांवर रसाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पाव तासात सगळे निपचित!

मग तुलनेला शुद्ध पाणी हवं, म्हणून ज्यानं रोग्यांचे डोळे धुतो तेच घेतलं. त्यातही तसेच जीव. काच पुसून दुसरा थेंब घेतला, तरी तेच. असं कसं? पाणी तर मी स्वतः खळखळून उकळतो. मग गार व्हायला ओसरीवरच्या माठात ओततो. माठात! तो माठ कोणी उकळला होता? आत हात फिरवला, तर बूड बुळबुळीत.

आठ दिवस त्याच पाण्यानं कार्ल्याच्या धोंडिबाचा डोळा धुतोय. परवा म्हणाला, "डागदरसायेब, डोळ्यातलं पांढरं लय वाढलंय. मावशीकडं जाऊ का?"

मी खेकसलो, "तिकडं गेलास तर माझी पायरी चढू नकोस."

उद्या सकाळी तो येईल आणि रोजच्यासारखा माठाशेजारी बसेल. मावशीकडे गेला नाही तो. माझं ऐकलं त्यानं.