आठ पंचावन्नची बस

६ फेब्रुवारी

ती. आईस,

लेकीचा नमस्कार. वि. वि. तुझे पत्र काल छापखान्यात मिळाले. पाकिटावर माझ्या खोलीचा नंबर पुन्हा विसरलीस, पण पोस्टमन आता ओळखतो.

मावशीचा निरोप वाचला. चार पावले चालली की धाप लागते आणि धाकट्या बहिणीला एकदा पाहायचे आहे असे तिने स्वतःहून कळवावे, म्हणजे दुखणे साधे नाही. अकरा वर्षांत तिने तुला एक शब्द धाडला नव्हता. तूही नव्हता. तू जायला तयार आहेस हे वाचून मला किती बरे वाटले ते कसे लिहू?

पण आई, त्या रोपांच्या ट्रकमधून जायचे मनातसुद्धा आणू नकोस. ड्रायव्हर चांगला असेल, रोपवाटिकेतून रोज शहरात येत असेल, मावशीच्या शेजारचा असेल, सगळे कबूल. तुझी कंबर कशी आहे ते मला ठाऊक आहे. बाकावर बसून दिवसभर इस्पितळाच्या चादरी शिवल्यावर संध्याकाळी तुला सरळ उभे राहता येत नाही. त्यात तो दुपारी निघतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत येतो, म्हणजे रात्री तिथे राहणे आले. इतक्या वर्षांनी पहिल्याच भेटीला रात्रभर राहायचे, आणि काही कमीजास्त बोलणे झाले तर निघायलाही वाट नाही.

त्यापेक्षा रविवारी एका दिवसात जाऊन येता येईल. सकाळी पहिली गाडी, जंक्शनला उतरून बस, फाट्यापासून पायी वीस मिनिटे. फक्त बसच्या वेळेची खात्री हवी. छापील वेळापत्रक आमच्याकडे आहे, पण त्याच्यावर माझा विश्वास नाही, कारण ते आमच्याकडेच छापले. गेल्या वर्षीची गोष्ट तुला सांगितली होती. माझ्या हातून एक आकडा सुटला आणि एका गावची माणसे महिनाभर येऊन गेलेल्या बसची वाट पाहत उभी राहिली. मॅनेजर काही बोलले नाहीत, पण ती माणसे माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. म्हणून आजच डेपोला पत्र टाकले आहे. उत्तर आले की तुला सगळे सविस्तर लिहीन.

माया आहेच, ती उन्हापावसात टिकू दे.

तुझी लेक

१० फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाईस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं. मोठं होतं म्हणून दोन दिवस पुरवून वाचलं. अक्षर जरा मोठं काढत जा. तू मला शिकवलंस तेव्हा पाटीवर एवढी बारीक अक्षरं नव्हती.

डेपोला पत्र टाकलंस हे रफूच्या खोलीत सांगितलं. आमची बटणवाली म्हणाली की, अगं बहिणीकडे चालली आहेस का लढाईवर? सगळ्या खूप हसल्या. मीपण हसले. मग तीच म्हणाली की शिकलेली पोर म्हणजे अशीच, शंभरदा विचार करणार, आपण आंधळ्यासारख्या उठतो आणि चालतो.

ड्रायव्हर परवा पुन्हा आमच्या कामाच्या फाटकाशी थांबला होता. म्हणाला की केबिनमध्ये त्याच्या शेजारी गादी घातलेली जागा आहे, त्याची स्वतःची आई दवाखान्याला तशीच येते. पहाटे सहाला मला शहरात आणून सोडेल, म्हणजे कामावरही वेळेत. मी म्हटलं विचारून सांगते. ताईने आता अंथरूण धरलंय. चहासुद्धा चमच्याने घेते.

मी तिच्यासाठी एक जुनी चादर मऊ करून ठेवली आहे. तू लगेच घाबरशील, म्हणून लिहिते. चोरीची नाही. इस्पितळाने रद्द केलेली आहे आणि मुकादमबाईंना विचारून घेतली आहे.

तिच्यासमोर गेल्यावर आधी काय बोलायचं ते काही सुचत नाही. तुला सुचलं तर लिही. तू म्हणशील तसं जाऊ.

तब्येतीला जप. रात्री डोळे ताणू नकोस.

तुझी आई

१५ फेब्रुवारी

ती. आईस,

नमस्कार. वि. वि. डेपोचे उत्तर अजून नाही. मी दुसरे पत्र टाकले आहे, या वेळी रजिस्टरने.

दरम्यान इथल्या बाइंडरना विचारले. त्यांची सासुरवाडी त्या बाजूला आहे. ते म्हणाले की रविवारी बस आठ चाळीसला सुटते. त्यांच्या बायकोला विचारले तर ती म्हणाली की सव्वानऊला, आणि नवऱ्याने आयुष्यात कधी वेळेवर बस पकडलेली नाही. आता कोणाचे धरायचे? आठ चाळीस खरे असेल आणि तुझी गाडी दहा मिनिटे उशिरा आली तर पुढची बस थेट एकला. तू उन्हात फाट्यावर उतरणार, मावशीकडे तासभर बसणार आणि परतीच्या बससाठी धावणार. कमरेचे काय होईल?

मला हसतेस, पण मी काय करू? कुठेतरी तू एकटी रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन बसली आहेस असे चित्र येते आणि काम सुचत नाही. काल एकच पान तीनदा तपासले.

आई, मला माहीत आहे भांडण कशावरून झाले होते. तू कधी सांगितले नाहीस, पण मी तेव्हा नववीत होते, लहान नव्हते. मावशी म्हणाली होती की पोरीला शाळेतून काढ आणि रोपवाटिकेत लाव, शिकून काय दिवे लावणार आहे. आणि तू तिला म्हणालीस की पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. माझ्या शाळेपायी तुमची अकरा वर्षे गेली. म्हणून ही भेट तरी नीट व्हावी, धावपळीत, अर्ध्या वाक्यावर उठून जाण्यासारखी होऊ नये, एवढेच मला वाटते. आधी काय बोलायचे ते मलाही सुचत नाही. नुसती चादर तिच्या अंगावर घाल. बोलणे मागून येईल.

२४ तारखेचा रविवार धरून चाल. तोवर उत्तर येईलच. तोपर्यंत ट्रकने जाणार नाहीस, तुला माझी शपथ आहे.

माया आहे तशीच असू दे.

तुझी लेक

१९ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाईस,

आशीर्वाद. शपथ कशाला घालायची गं? मी काय पळून चालले आहे?

ड्रायव्हरला सांगितलं की लेकीने शपथ घातली. तो हसला. म्हणाला की बरं, मग सरकारी बसनेच या. त्याच्याकडे चादर दिली आणि ताईला निरोप दिला की २४ला रविवारी येते. काल तो सांगून गेला की चादर पाहिल्यावर ताईने ती कुठे रफू केली आहे ते शोधलं आणि तिला सापडलं नाही. मग म्हणाली की हात अजून तसाच आहे तिचा. मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

बसचं काय ते लवकर कळव. गाडीच्या तिकिटाला कोणत्या खिडकीवर उभं राहायचं तेही लिही.

तुझी आई

२१ फेब्रुवारी

ती. आईस,

नमस्कार. वि. वि. डेपोचे उत्तर आले. किती बरे झाले विचारले ते! २४ला त्या रस्त्याचे काम आहे आणि रविवारची बस रद्द आहे. वेळापत्रकात हे कुठेच नाही. तू गेली असतीस तर जंक्शनवरच अडकली असतीस.

३ मार्चपासून बस सकाळी आठ पंचावन्नला सुटणार आहे. स्टेशनबाहेर डावीकडे, गोदामाच्या मागच्या थांब्यावरून. परतीची चार वाजता. म्हणजे मावशीजवळ पाच तास. गाडी पंधरा मिनिटे उशिरा आली तरी बस मिळते, मी हिशेब केला आहे. फाट्यापासून रस्ता सपाट आहे, मध्ये पाण्याच्या टाकीपाशी बसायला कठडा आहे, असे बाइंडरांची बायको सांगते. या वेळी तिचेच धरले.

आणखी एक. मी दोन दिवसांची रजा मागितली आणि मिळाली. शनिवारी संध्याकाळी तुझ्याकडे येते, रविवारी दोघी जाऊ. तिकिटाची खिडकी मीच शोधीन. मलाही मावशीशी बोलायचे आहे. तिने मला चालायला शिकवले असे तूच सांगायचीस.

एवढा एक आठवडा तिला थांबायला सांग.

तुझी लेक

२७ फेब्रुवारी

चि. लेकीस,

आशीर्वाद. ताई गेली. सोमवारी पहाटे.

ड्रायव्हर नेहमीसारखा सकाळी आला आणि फाटकातून आत आला, तेव्हाच समजलं. मी दुपारी त्याच्याबरोबर गेले. शपथ मोडली ते सांगते. गादी होती, कंबर दुखली नाही. त्याने वाटेत दोनदा थांबून पाणी हवं का विचारलं. दीड तासात पोचलो.

तिचं घर लहान आहे. दारापर्यंत कुंड्या आहेत. तिच्या अंगावर मी दिलेली चादर होती. रात्र तिथेच काढली आणि मंगळवारी पहाटे त्याच्याबरोबर परत आले. सातला कामावर होते.

आता एक गोष्ट तुझ्यापासून लपवावी असं वाटलं होतं. पण लपवायला मला लिहिता येत नाही. तुझं २१चं पत्र मला शनिवारी संध्याकाळी मिळालं. तोवर ट्रक निघून गेला होता आणि रविवारी तो येत नाही. बस रद्द झाल्याचं ताईला कळवायला कोणी नव्हतं. शेजारीण म्हणाली की रविवारी सकाळी ताईने वेणी घालून घेतली आणि खाट दाराशी ओढायला लावली. दिवस मावळेपर्यंत तशीच पडून होती. मग खाट आत घ्यायला सांगितली आणि म्हणाली की अजून रागावलेली आहे.

तू आता स्वतःला खात बसशील. म्हणून दुसरी गोष्टही लिहिते. तुझ्या शपथेला मी अडले नाही. मी याहून मोठ्या शपथा मोडल्या आहेत. ड्रायव्हर रोज फाटकाशी यायचा. कुठल्याही दिवशी मी चढू शकले असते. मला तिच्यासमोर जायची भीती वाटत होती. तुझं पत्र आलं आणि दिवस पुढे गेला की मला त्या रात्री चांगली झोप लागायची. शनिवारी तुझं पत्र वाचलं तेव्हाही लागली.

जेवत जा.

तुझी आई

१ मार्च

ती. आईस,

तुझे पत्र आज मिळाले. हे उत्तर टपालात टाकत नाही. रजा मिळालेली आहे, तेव्हा उद्या संध्याकाळी येते आहेच. येऊन तुझ्या हातात देईन. तोंडाने मला हे सांगता येणार नाही.

तू भ्यायली होतीस हे खरे असेल. मला वाचवायला लिहिले असशील तर तेही मला ओळखू येत नाही, आणि मी काही ते शोधत बसणार नाही. पण २४ तारीख मी दिली होती आणि मीच बदलली. ती बदलताना मला आनंद झाला होता. चूक वेळेत सापडली याचा आनंद. माझे पत्र तुला शनिवारच्या आत पोचेल का आणि मावशीला कोण सांगेल, हा एक प्रश्न मी कोणाला विचारला नाही. बाकी सगळे विचारले.

तू रागावलेली नव्हतीस. हे तिला आता कोणी सांगू शकत नाही, आई. ते मी कोणत्याही बाजूने वाचले तरी तसेच राहते.

तू अक्षर लावून लावून वाचतेस. हे पान वाचायला तुला पंधरा मिनिटे लागतील. तेवढा वेळ मी तुझ्यासमोर खाटेवर बसेन, बोलणार नाही. तू इथवर आलीस की वर पाहा. रागवायचे असेल तर रागाव, मुकादमबाईंपर्यंत ऐकू जाईल इतके रागाव. रडायचे असेल तर रडू. फक्त पत्र घडी करून, काही न बोलता, कामाला उठू नकोस. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही दोघी तशाच उठल्या होतात.

माया मागते आहे.

तुझी लेक