मामांचा पट्टा आणि माझा एमआरआय

हॅमिल्टन, कॅनडा, फेब्रुवारी २०१७

तीर्थरूप शशिकांतमामांस पुष्करचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, खरा घातला तर उठवायला साताऱ्याहून तुम्हालाच यावं लागेल). मामी बऱ्या असतील. तुम्ही ठणठणीत असणारच.

कळवण्यास अत्यंत आनंद होतो की मला खरोखरच रोग आहे! दोन वर्षं रोज सकाळी कंबर आखडायची, एक्स-रे मात्र स्वच्छ. तुम्ही फोनवरच निकाल दिलात की एक्स-रे स्वच्छ म्हणजे दुखणं नाटकी. अनुयाने तर बायकोच्या हक्काने पुरावाच मांडला : हा दारापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसून आला की ताठ चालतो आणि सोफ्यावर बसला की कण्हतो. (मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात सांगितलं तिनं हे!) गंमत म्हणजे सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी हेच ऐकून कान टवकारले. हालचालीने बरं, आरामाने वाईट, म्हणजे मणक्याच्या सांध्यांना सूज असू शकते. ती एक्स-रेवर उमटायला वर्षं लागतात, एमआरआयवर आधी दिसते. कुणीतरी खरं मानलं हो! मला तिथेच रडू फुटलं.

मग महिनोन्‌महिने नंबर लागण्याची वाट. अखेर टेक्निशियनबाईंनी विचारलं, अंगावर धातू आहे का? मी ठणकावून ‘नो’ म्हणालो. तुम्ही पाठवलेला चुंबकाचा पट्टा गाऊनच्या आत होता, पण संकष्टीपर्यंत सोडायचा नाही ही तुमची ताकीद, आणि माझ्या लेखी ते औषध, धातू नव्हे. दारातल्या धातू हुडकणाऱ्या यंत्राने बोंब मारली. पट्टा दोन बोटांत धरून बाईंनी खुलासा मागितला. “माय अंकल प्रिस्क्राइब्ड इट,” मी बाणेदारपणे म्हणालो. त्यावर त्यांनी तुमची डिग्री विचारली. बी.ए., बी.एड. सांगितली; खोटं कशाला बोलू?

असो. कंबरेखालच्या सांध्यांत सूज लख्ख दिसली. मणके एकमेकांना चिकटायच्या आत सापडलं, औषध नि व्यायाम सुरू आहेत, काळजी नसावी.

तुमचा,
पुष्कर

ता. क. : हे घराण्यात असू शकतं म्हणे. घरात कुणाची मान वळत नाही का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी छातीठोक नाही म्हणालो आणि पार्किंगमध्ये चरकलो. हाक मारली की तुम्ही मान न वळवता अख्खे वळता. आम्ही सगळे त्याला हेडमास्तरी रुबाब समजत आलो. मामा, दुखतं का हो?

ता. क. २ : उद्याच डॉक्टरांकडे जा, एवढ्यासाठीच हे पत्र. माझं नवं होतं म्हणून एमआरआय लागला; तुमचं इतकं जुनं असेल तर साध्या एक्स-रेतही दिसेल. तो स्वच्छ निघाला तर खुशाल मला शिव्या घाला, मी आनंदाने ऐकेन.