कोट मागितला, पँटही दिली

प्रिय बारक्या,

(पाकिटावर मी 'आदरणीय पाळकसाहेब' असंच लिहिलंय, पोस्टमनसमोर तुझी शोभा नको. आत मात्र तू बारक्याच. ज्याचं नाक मी माझ्या फ्रॉकच्या टोकानं पुसलं, त्याला आदरणीय म्हणताना माझी जीभ अडखळते.)

सलाम. प्रभूच्या दयेनं आम्ही सर्व इकडे सुखरूप आहोत, तुम्हीही तसेच असाल अशी आशा आहे. हे वाक्य पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खरं विचारशील तर इकडे सुखरूप कुणीच नाही. तुझे दाजी लॉन्ड्रीत तोंड पाडून इस्त्री फिरवतायत, तुझी भाची माझ्याशी बोलत नाही, आणि आईचा एक डोळा तर केव्हाच गेला होता, आता उरलेल्यातही मोतीबिंदू पिकलाय आणि त्याचं ऑपरेशन अजून झालेलं नाही. का झालेलं नाही ते पुढे येईलच. आणि मी रागावलेय. थोडीथोडकी नाही, चांगली फणफणलेय. सूर्य मावळायच्या आत राग सोडावा हे मलाही ठाऊक आहे, म्हणूनच मी हे पत्र सूर्य मावळल्यावर लिहायला घेतलंय. आता उद्या संध्याकाळपर्यंत मला मुभा आहे.

फोन का नाही केला म्हणशील, तर फोन केला की तू सभेत असतोस. सभेत नसलास की प्रार्थनेत असतोस. प्रार्थनेत नसलास की तुझी बायको उचलते आणि ते आत्ताच सभेला गेले म्हणून सांगते. पण रोज सकाळी, आमचा चहा उकळायच्या आत, तुझा ऑडिओ मात्र न चुकता येतो. आजचं वचन, त्याचा अर्थ, आणि शेवटी तो तुझा गृहपाठ, की हे वचन आज दिवसभरात एकदा तरी जगून बघा. तुला वाटत असेल, लोक ऐकतात, आमेनचा अंगठा टाकतात आणि कामाला लागतात. तुझ्या मंडळीत तसंच होत असेल. पण तुझे दाजी भोळे आहेत रे! ते खरोखर जगून बघतात.

आता लॉन्ड्रीचं ऐक. ज्या दिवशी तू अंगरखा मागणाऱ्याला झगाही देऊन टाकावा हे वचन पाठवलंस, त्याच दिवशी दुकानात एक इसम आला. पावती नाही, ओळख नाही, काउंटरवर कोपर टेकून हँगरवरच्या एका काळ्या कोटाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, तो माझा. कोटाच्या कॉलरला आपली कापडी खूण शिवलेली, आणि ती खूण शाळेच्या हेडमास्तरांची, हे दाजींना झोपेतसुद्धा सांगता येईल. एरवी पावतीशिवाय ते रुमालही देत नाहीत. सख्ख्या मावशीला त्यांनी पावतीसाठी घरी परत पाठवलंय (ती अजून आमच्याकडे जेवत नाही). पण त्या दिवशी कानात तुझा आवाज! त्यांनी कोट उतरवला, कागदात बांधला, आणि चेहऱ्यावर एक पवित्र हसू आणून त्या कोटाची पँटही वर दिली. तो इसम दचकला. मग सावरला. पँटची घडी नीट नाही म्हणाला. दाजींनी ती पुन्हा इस्त्री करून दिली.

मला हे संध्याकाळी कळलं, तेही मोठ्या समाधानानं सांगितलं गेलं. मी म्हटलं, अहो, वचनात स्वतःचा अंगरखा म्हटलाय, गिऱ्हाईकाचा नव्हे! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला शास्त्रात कुठे सांगितलंय? ते विचारात पडले. इतक्यात हेडमास्तर दारात. त्याच संध्याकाळी त्यांचा निरोपसमारंभ, सबंध नोकरीचा शेवटचा दिवस, आणि खास त्यासाठी दिलेला कोट! शेवटी दाजींनी आपला लग्नातला कोट त्यांना चढवला. दाजी लग्नात कसे होते तुला आठवत असेल, उभी काठी. हेडमास्तर बिचारे चांगले भरलेले. बटण लागेना, बाह्या मनगटाच्या बऱ्याच आधी संपल्या. त्यांनी निरोपाचं सगळं भाषण हात पाठीमागे बांधून केलं, आणि भावनेच्या भरात एकदा हात वर केले तेव्हा काखेत जे फाटलं ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. तेव्हापासून शाळेचा एकही मास्तर आमच्या दुकानाची पायरी चढत नाही. दुसऱ्या दिवशी तो इसम मात्र पुन्हा हजर. पँट कमरेत सैल होते, आत घेऊन द्या! आणि दाजींनी घेतली रे! वर घरपोच देऊनही आले, कारण एक कोस सोबत मागणाऱ्याबरोबर दोन कोस जावं हा तुझा त्या सकाळचा ऑडिओ. मग मात्र मी चप्पल घातली आणि कोणतंही वचन न ऐकता मीच गेले. कोट आणला, पँट आणली. काय बोलून आणली ते पाळकाला लिहिण्यासारखं नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. कपडा काय, आज फाटतो, उद्या शिवतो. पण पुढे जे झालं त्यानं माझं डोकं फिरलं. आईच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, शुगर ताब्यात असेल तरच डोळ्याला हात लावीन, आणि हा डोळा नाजूक आहे, हमी मागू नका. मी आईचा चहासुद्धा बिनसाखरेचा केला, तिच्या शिव्या खाल्ल्या. आणि नेमक्या त्याच दिवसांत तू काय पाठवावंस? उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, चांगलं करावं ते गुपचूप करावं, तरच स्वर्गात बक्षीस. झालं! दाजींनी दुकानातून येताना केकचा तुकडा आणून आईला गुपचूप दिला. तुझ्या भाचीनं उशीखाली चॉकलेटं ठेवली, गुपचूप. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई (आपल्याच मंडळीतली, तिलाही तुझे ऑडिओ जातात) ताटलीवर ताटली झाकून कस्टर्ड देऊन जायची, मी भाजीला गेले की. आणि आता लपवण्यात काय अर्थ, मलाही म्हातारीची दया येऊन मी पावाला एकदा जॅम लावला. गुपचूपच. आईनंही कुणाचं गुपित कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांचं सगळं शांतपणे खाल्लं आणि प्रत्येकाला वेगळा आशीर्वाद दिला. दवाखान्यात शुगर तपासली तर यंत्राला आकडा मावेना. नर्सनं रागानं विचारलं, हिला गोड कुणी दिलं? आम्ही सगळे ओळीनं उभे, माना खाली. बोलावं तर स्वर्गातलं बक्षीस जातं, न बोलावं तर डॉक्टर खातो! ऑपरेशन रद्द झालं. मी घरी येऊन सगळ्यांना झाडलं, म्हणून भाची बोलत नाही. तिचं म्हणणं, जॅमबद्दल तू स्वतःला कुठे झाडलंस? तेही खरंच आहे म्हणा.

ऑपरेशन रद्द झाल्याचं मी तुला कळवलं. त्यावर तुझं काय आलं? ऑडिओ! सगळं गमावूनही देवाला न सोडणाऱ्या ईयोबाच्या धीराबद्दल. बारक्या, ईयोबाचे मित्र पुढे कितीही वाईट बोलले असोत, आधी ते निदान येऊन त्याच्याजवळ राखेत गप्प बसले होते. तुझं येणंही नाही आणि गप्प बसणंही नाही. आईबापाचा मान राखावा ही आज्ञा तू आजवर एकदाही पाठवली नाहीस, मी मुद्दाम लक्ष ठेवून आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! (ब्रह्मज्ञान आपल्यातलं नाही, पण पाषाण सगळ्या धर्मांत असतात.) लहानपणी संडेस्कूलमध्ये उधळ्या पुत्राची गोष्ट सांगायचे तेव्हा सगळी पोरं त्या धाकट्यासाठी रडायची. मी नाही रडले. मला त्या थोरल्याचंच पटायचं. शेत त्यानं कसायचं, बापाचे पाय त्यानं चेपायचे, आणि मेजवानी कुणाला, तर पैसा उडवून परत आलेल्याला? पण आता वाटतं, त्या धाकट्याचं एक तरी मानायला हवं. डुकरांत राहून का होईना, त्याला घर आठवलं आणि तो उठून आला. तू तर चांगल्या पाळकनिवासात राहतोस, तुला उठायला काय होतं?

तेव्हा आजपासून तुझे ऑडिओ बंद कर. आमच्या घरात शास्त्र आहे, आम्हाला वाचता येतं, आणि वाचताना निदान कुणाचे कपडे जात नाहीत. आणि ऑपरेशनलाही येऊ नकोस. तुझ्यावाचून आमचं काही अडलेलं नाही. तुझ्या मंडळीला तुझी गरज जास्त आहे.

वहिनीला आणि मुलांना सलाम. त्यांच्यावर माझा राग नाही, असलाच तर थोडा.

तुझी ताई

ता. क. ऑडिओ बंद कर असं वर लिहिलंय, ते करू नकोस. दाजी माझ्यावर रुसतील हे एक, आणि आई सकाळी फोन कानाला लावूनच बसलेली असते. वचन कोणतं होतं विचारलं तर तिला सांगता येत नाही. घसा बसलाय त्याचा, एवढंच सांगते. पण माणसांना जगून बघायला सांगताना जरा दुकानदारांचा विचार करत जा.

ता. क. दुसरा. शुगर आता उतरली आहे. डॉक्टरांनी येत्या बुधवारी बोलावलंय. आणि आता आईच नाही म्हणतेय. आम्ही सगळ्यांनी समजावलं, डॉक्टर स्वतः बोलले, शिंपीणबाईनं येऊन प्रार्थना केली. आईचं एकच पालुपद. आधी बारक्याला बघते, मग डोळा देते डॉक्टरला. मी म्हटलं, अगं, ऑपरेशन झालं की स्वच्छ बघ की त्याला, तो काय पळून जातोय? तर म्हणाली, झाल्यावर दिसलं नाही तर?

बारक्या, याचं उत्तर ऑडिओवर देऊ नकोस.

ता. क. शेवटचा. वर येऊ नकोस लिहिलंय ते खोड. मंगळवारच्या आत मिळेल त्या गाडीनं ये. आणि दाढी काढून ये. तू ती वाढवलीस तेव्हापासून तिनं तुला पाहिलेलं नाही. आता तिला फार थोडं दिसतं, जे दिसेल ते तुझं तोंड असू दे.