सातव्या धड्यातला पांढरा

४ फेब्रुवारी
सातवा धडा पुरा! पिवळ्या पडलेल्या फोटोचे रंग परत कसे आणायचे. व्हिडिओच्या कापाकापीतच दिवस गेला. 'हं... तर काय सांगत होतो' — एवढंच अकरा वेळा कापलं. मध्येच म्हटलेली कविता मात्र ठेवली. धाकटी लेक फोनवर म्हणाली, "बाबा, लोक फोटो दुरुस्त करायला शिकतायत. पाठांतराच्या तासाला नाही बसलेत!" बसले तर काय बिघडलं?

उदाहरणाला फोटो घेतला तो शाळेत कविता शिकवणाऱ्या गुरुजींच्या निरोप समारंभाचा. मीच काढलेला, माझा स्टुडिओ नवा होता तेव्हा. निळ्याची पट्टी सरकवत नेली तसतसा गुरुजींचा सदरा उजळत गेला. त्या सदऱ्याच्या खिशात कायम खडूचा तुकडा असे. कविता चाल लावून म्हणायचे आणि त्याच खडूने फळ्यावर ताल धरायचे. शेवटी माझं नेहमीचं वाक्य — आकड्यांवर जाऊ नका, डोळ्यावर विश्वास ठेवा.

५ फेब्रुवारी
माझा सदरा पुन्हा पिवळट! हिला म्हटलं, साबण बदल. "जरा नीळ घालते," म्हणाली. वाळल्यावर कसा शुभ्र!

९ फेब्रुवारी
धड्याखाली एकाने लिहिलंय — 'सर, गुरुजी थंडीने काकडलेत का?' चाळीस वर्षं रंग जुळवले मी! यांचे स्क्रीन धड नाहीत.

१५ फेब्रुवारी
धाकटी घरी आली. गुरुजींच्या सदऱ्यावर बाण टेकवून तिने आकडे दाखवले — लाल १९०, हिरवा २०५, निळा २५०. "पांढऱ्यात तिन्ही सारखे हवेत ना? पहिल्या धड्यात तुम्हीच शिकवलंत."

"मला पांढराच दिसतोय."

ती हळूच — "बाबा, डोळे दाखवू या."

हिला हाक मारली. तू सांग, कसला रंग हा? "मला काय कळतंय त्यातलं," म्हणाली आणि भाजी निवडायला आत गेली.

१८ फेब्रुवारी
डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "काका, मोतीबिंदू. भिंग पिवळं पडलंय. चार-पाच वर्षं तुम्ही पिवळ्या काचेतून जग बघताय. म्हणून पांढरं दिसेपर्यंत निळं ओतत गेलात."

म्हणजे फोटोबरोबर मीही पिवळा पडलो!

ऑपरेशनची भीती नाही. पण या डोळ्यावरच तर जगलो. तोच खोटा निघाला, तर माझ्याकडे राहिलं काय? या चार-पाच वर्षांत किती जणांना त्यांच्या आईवडिलांचे फोटो दुरुस्त करून दिले. कुणी काही बोललं नाही.

२ मार्च
उजव्या डोळ्याचं झालं. पट्टी. ही शेजारी बसून वर्तमानपत्र वाचते. कविता वाच म्हटलं तर हिशेबासारखी वाचते!

३ मार्च
पट्टी निघाली. एकेक डोळा मिटून पाहिलं. डाव्यात भिंत जुन्या कागदासारखी. उजव्यात — दूध!

सातवा धडा लावला. अरेरे, गुरुजी! दौतीत बुडवून काढल्यासारखे. धडा खोडावासा वाटला. खोडला नाही. सुरुवातीला एक तुकडा जोडला — 'यातला रंग चुकला आहे. चूक माझ्या डोळ्याची. तुम्ही आकडेही बघत जा.' आवाज कापरा आला. तो कापला नाही.

५ मार्च
बाहेर जायचं म्हणून कपाट उघडलं. नऊ पांढरे सदरे. नऊच्या नऊ निळे!

हिला म्हटलं, "चार वर्षं मी असा हिंडलो? तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं की."

"मग बोलली का नाहीस?"

"दर वेळी घडी उलगडून तुम्ही म्हणायचात, आता कसा शुभ्र झाला! तेव्हा तोंड बघण्यासारखं असायचं तुमचं."

६ मार्च
आठवा धडा त्यातलाच एक सदरा घालून चित्रित केला. रंगाला हात लावला नाही.