कोरं हॉल तिकीट

११ मे
क्लासच्या सरांचा हट्ट. फ्री बॅचच्या परीक्षेचं हॉल तिकीट डाउनलोड करताना पान पुन्हा लोड व्हायला नको. "मोठ्या क्लासवाल्यांसारखं पाहिजे, मॅडम." साधी लिंक होती, बिचारी निमूट चालत होती. आता रिक्वेस्ट मागच्या मागे पाठवायची. उत्तर येतंय, फाइल काही पडत नाही. ब्राउझरच्या पोटातच बसून राहिली. डोकं उठलं.

१२ मे
पडली एकदाची! आलेल्या डेटाची फाइल केली, तिची लिंक केली, कोडनंच तिच्यावर क्लिक. नाव बरोबर, पान एक. उघडून बघणार तोच सर, "झालं का? साइटवर चढवा की." चढवलं.
एका सीट नंबराला एकदाच डाउनलोड, हाही सरांचा नियम. पोरं तिकिटं फिरवतात म्हणून. सर्व्हरनं फाइल सोडली की लॉगमध्ये 'मिळाले'.

१३ मे
उद्या परीक्षा. एका मुलीचा फोन, वैष्णवी. भूकंपानंतर वसवलेल्या गावातली, बाप मजुरीला. या बॅचमध्ये लागली तर दोन वर्षं शिकणं-राहणं फुकट, नाहीतर घरी. "मॅडम, झेरॉक्सवाल्याकडं काढलं, पान कोरंच निघायलंय."
मोबाईलचा प्रॉब्लेम असेल म्हटलं, दुसऱ्यावर उघड. दुसऱ्यावर! जसे घरात चार पडलेत.
"हाव मॅडम."

१४ मे
वैष्णवीला कोऱ्या तिकिटामुळं गेटवरूनच परत पाठवलं. बाप सरांपुढं हात जोडून, "दहावीपासून हेच धरून बसली हाय, सर."
सरांनी स्क्रीन फिरवून माझा लॉग दाखवला. "हे बघा. मिळाले. कॉम्प्युटर खोटं बोलतो का?"
बाप पोरीवर खेकसला, "कामून खोटं बोललीस गं?"
मी शेजारीच.

दुपारी तिच्या तिकिटाची फाइल उघडली. कोरी. ब्लॉब म्हणून, म्हणजे जशीच्या तशी कच्ची फाइल म्हणून मागवायची राहिली होती, ब्राउझरनं साधा मजकूर समजून वाचली, आतलं सगळं गेलं, नुसतं पान उरलं. एक ओळ. या अल्लाह, एक ओळ! लातुरातली पोरं ऑफिसात येऊन प्रिंट घेऊन गेली, म्हणून कुणाला कळलं नाही. ही एकटी लांबची.

१६ मे
ओळ घातली. आता मस्त पडतं. कुणाला पाहिजे आता?
सरांच्या केबिनपाशी दोनदा गेले. पहिल्यांदा पालक बसले होते. दुसऱ्यांदा कोणी नव्हतं, तरी परत आले. नोकरी गेली तर अब्बांना काय सांगू? पोरगी लातूरला इंजिनिअर म्हणून नांदेडात गल्लीभर सांगून ठेवलंय त्यांनी.
लई भित्री आहे मी.

१७ मे
सकाळी वैष्णवीला फोन लावला. सांगणारच होते. तीच आधी बोलली. "मॅडम, सॉरी. मलाच नीट दाबता आलं नसंल. तुमाला उगं तरास."
आणि मी म्हणाले, "असू दे बेटा."
असू दे! मी तिला माफ केलं.
केबिनबाहेर बाकावर बसलेय. सर आत आहेत. फ्री बॅचच्या निवडीची यादी त्यांच्या टेबलावर आहे, अजून लावली नाही.